सील शाबूत, आत माती

नोकरीच्या काळात शेकडो गुन्ह्यांचे कागद माझ्या हाताखालून गेले. त्यातल्या बहुतेकांचे क्रमांकही आता आठवत नाहीत. मात्र भोर तालुक्यातून निघालेल्या एका कंटेनरचा तपास मला आजही पहिल्या जबाबापासून शेवटच्या पंचनाम्यापर्यंत क्रमाने सांगता येईल. नाव-गाव कुणाचंच लिहिणार नाही. ज्यांचा तो मान आहे, ते वाचून ओळखतीलच.

त्या वेळी मी हायवेलगतच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. ठाणं लहान, हद्द मोठी. एका अंगाला सारोळ्याचा नीरा नदीवरचा पूल, दुसऱ्या अंगाला डोंगर. सकाळची हजेरी झाली की निम्मा स्टाफ अपघातांच्या पंचनाम्यांत जायचा. उरलेला बांधावरची भांडणं, यात्रेचा बंदोबस्त आणि समन्स बजावण्यात. परदेशी व्यापार, आयात-निर्यात हे शब्द आमच्या स्टेशन डायरीत कधी उमटले नव्हते.

एके दिवशी हजेरी आटोपतच होती, तेवढ्यात पन्नाशीच्या एक बाई फाईल छातीशी धरून आत आल्या. भोंगवलीच्या रस्त्यावर त्यांचा कारखाना. दोन लेथ मशीनवर सुरू केलेला, आता पन्नास-साठ माणसं कामाला, बहुतेक सगळी आसपासच्या गावांतली. दवाखान्यात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या नळ्यांना लागतात ते पितळी व्हॉल्व तिथे बनायचे.

खुर्चीवर बसायच्या आधीच त्या म्हणाल्या, "साहेब, आम्ही पितळ पाठवलं. तिकडं माती निघाली."

मी पाणी मागवलं आणि त्यांना सावकाश सांगू दिलं. युरोपातल्या एका कंपनीने दोन वर्षं त्यांचे नमुने तपासले होते. त्यानंतर पहिली मोठी ऑर्डर मिळाली. माल लाकडी पेट्यांत भरला, पेट्या कंटेनरमध्ये चढवल्या, दाराला सील ठोकलं. हे सील म्हणजे बोटभर जाडीचा लोखंडी खिळा, त्यावर नंबर कोरलेला. तो तोडल्याशिवाय दार उघडत नाही, असा या धंद्यात सगळ्यांचा विश्वास. कंटेनर ट्रेलरवरून बंदराला गेला, बोटीत चढला, महिनाभराने तिकडे उतरला. सील जसंच्या तसं होतं. दार उघडलं, तर दाराकडच्या सहा पेट्यांत मातीची पोती.

"ते म्हणतात, सील तुमचं, नंबर तुमचा, म्हणजे माती तुम्हीच भरलीत. पुढचा माल घ्यायचं थांबवलंय. साहेब, बायका-माणसं रोज गेटवर विचारतात, मॅडम, काम चालू राहील ना? मी काय सांगू?"

याआधी त्या दोन ठिकाणी जाऊन आल्या होत्या. एकीकडे सांगितलं, आमच्याकडे आला तेव्हा माल ठीक होता. दुसरीकडे सांगितलं, घटना कुठं घडली ते आधी शोधून या. आमच्या ठाणे अंमलदाराने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "साहेब, बोटीवर घडलं असलं तर हद्द कुणाची?"

मी म्हणालो, "माल निघाला ते गाव आपल्या हद्दीत आहे. फिर्याद घ्या. हद्दीचं नंतर बघू."

खरं सांगायचं तर मला या धंद्यातलं काही कळत नव्हतं. मी बाईंनाच म्हटलं, "मॅडम, मला शाळेतल्या पोरासारखं शिकवा." त्यांनी एका कोऱ्या कागदावर मालाची वाट काढून दाखवली. कारखाना, ट्रेलर, बंदराजवळचं आवार, कस्टम, क्रेन, बोट, मधलं एक बंदर, दुसरी बोट, तिकडचं बंदर, तिकडचा ट्रक. मी मोजले तर दहा-बारा हात झाले. आणि प्रत्येक हाताने सही करून दिली होती, 'सील शाबूत'. सह्यांच्या त्या गठ्ठ्यात पेट्यांच्या आत डोकावलेला एकही माणूस नव्हता. कारखान्यातून निघताना आणि बंदरात शिरताना झालेलं वजन मात्र जवळपास सारखं होतं. म्हणजे कुणीतरी तोलून मापून माती भरली होती.

पहिला संशय ड्रायव्हरवर येणार, हे उघडच. वेल्ह्याकडच्या पाली गावचा, राजगडाच्या पायथ्याचा तरुण. सहा वर्षं ट्रेलर चालवत होता, एकही गुन्हा नाही. नोटीस देऊन बोलावलं. आला, हात बांधून उभा राहिला.

"सारोळ्याला किती वेळ थांबलास?"

"जेवाया थांबलो साहेब. मग जरा पडलो. तीन तास झालं असतील."

"गाडी सोडून कुठं गेलास?"

"न्हाई साहेब. गाडी सोडली न्हाई."

हे वाक्य तो माझ्या डोळ्यांत बघून बोलला नाही, माझ्या टेबलाच्या पायाकडे बघून बोलला. तो काहीतरी लपवतोय हे मला कळलं. पण लपवणारा प्रत्येक माणूस चोर नसतो. त्याला मी घरी जाऊ दिलं. माझा एक सहकारी नाराज झाला. "साहेब, दोन तास द्या मला, पोपटासारखा बोलेल." मी त्याला सांगितलं, मार खाऊन माणूस आपल्याला हवं ते बोलतो, घडलेलं बोलतोच असं नाही.

त्यानंतर ट्रान्सपोर्टचा सुपरवायझर आला. इस्त्रीचा शर्ट, दोन मोबाईल, फायलीला रंगीत पट्ट्या. न मागता सगळे कागद टेबलावर मांडले. जीपीएसचा नकाशाही छापून आणला होता. गाडी सारोळ्याच्या पार्किंगला तीन तास उभी, त्यानंतर सरळ बंदर. "आमच्याकडून काहीच लूज नाही साहेब. बोटीवर काय झालं ते तुम्हीच बघा." मी त्याला चहा पाजला आणि रीतसर जबाब नोंदवला. ज्याच्याकडे सगळ्या प्रश्नांची उत्तरं तयार असतात, त्याचा जबाब मी नेहमी दोनदा वाचतो. तोही वाचला. चूक सापडली नाही.

आठवडा असाच गेला. मग कारखान्याच्या बाईंनी तिकडून मागवलेला एक अहवाल आणून दिला. बाहेरची माती परदेशात शिरली की तिच्याबरोबर रोगराई येते म्हणून तिथलं शेती खातं ती तपासतं. त्यांनी या मातीचीही तपासणी केली होती. अहवाल इंग्रजीत. मी तो मोठ्याने मराठीत सांगत होतो आणि समोर आमच्या महिला हवालदार मुद्देमालाचं रजिस्टर लिहीत बसल्या होत्या. काळी माती, भाताच्या तुसाची राख, मेंढ्यांच्या लेंड्या, लोकरीचे धागे.

त्यांचं पेन थांबलं.

"साहेब, परत वाचा. तुसाची राख?"

"हो. बरीच, असं लिहिलंय."

"माझं माहेर भोरचं, साहेब. घरात तुसाची राख असते ती मुठीमुठीनं. भांडी घासायला, बियाण्यात घालायला. पोत्यानं राख राईस मिलच्या मागंच मिळते. तिथं तूस पेटवून देतात. पण चालू मिलच्या मागं मेंढरं कोण बसू देईल?" मग त्याच म्हणाल्या, "मिल बंद पडलेली असणार, साहेब."

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. माती बोटीवर भरली नव्हती, परदेशात भरली नव्हती. काळी माती, तुसाची राख आणि मेंढरं, मालाच्या त्या सगळ्या वाटेवर तिन्ही एका जागी आमच्याच तालुक्यात सापडतात. दहा-बारा हातांतले आठ-नऊ हात त्या एका वाक्याने सुटले. अशी माणसं माझ्या ठाण्यात होती, याचा मला तेव्हाही अभिमान वाटला, आजही वाटतो.

मग मी सुपरवायझरचा जबाब बाजूला ठेवला आणि किलोमीटरचा हिशेब काढला. कारखान्याच्या गेटवरचा वॉचमन प्रत्येक गाडीचं रीडिंग वहीत लिहायचा. बंदराजवळच्या आवारात ड्रायव्हर ट्रिपच्या कागदावर रीडिंग टाकायचा. त्याच गाडीच्या, त्याच रस्त्याच्या आधीच्या फेऱ्या काढल्या. एखाद-दोन किलोमीटर इकडेतिकडे, बाकी सगळ्या सारख्या. फक्त या फेरीला बावीस किलोमीटर जास्त. नकाशावर उभी असलेली गाडी बावीस किलोमीटर चालली होती.

ड्रायव्हरला परत बोलावलं. दोन्ही आकडे त्याच्यापुढे ठेवले. तो ते पुन्हा पुन्हा वाचायला लागला. खोटं पकडलेल्या माणसाचा चेहरा मी ओळखतो. हा तसा नव्हता. हा माणूस हबकला होता.

"साहेब, मी कुठं वळलोच न्हाई."

"गाडी वळली आहे. तू तिच्यात होतास का?"

तो खाली बसला. खुर्चीत नाही, फरशीवर. मग हळूहळू बोलायला लागला. त्या दिवशी पालीला त्याच्या बहिणीची सुपारी फुटायची होती. वडील नाहीत, थोरला हाच. सुट्टी मागितली तर मिळाली नाही. आणि सारोळ्याला गाडी लावल्यावर सुपरवायझर स्वतः भेटला, आपली मोटरसायकल पुढे केली आणि म्हणाला, जा, बहिणीचं काम आहे, गाडी मी बघतो.

"देवमाणूस वाटला साहेब मला. किल्ली त्याच्या हातात दिली म्या."

"मग हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"गाडी सोडली म्हनलं की नोकरी गेली. ती गेली तर जाऊ दे. पर तुमी चौकशीला पालीला जानार, तिथनं पाव्हण्यांच्या गावाला जानार. पोलीस आलं म्हनल्यावर सोयरीक राहती व्हय? माझ्यावर आळ आला तर चालंल साहेब, तिच्या लग्नात इघ्न नको."

पंचवीस वर्षांच्या नोकरीत बायकोसाठी, पोरासाठी गुन्हा अंगावर घेणारे पाहिले होते. बहिणीच्या सुपारीसाठी गप्प बसून संशय झेलणारा पहिल्यांदाच बघत होतो. पण पोलिसाला नुसता विश्वास ठेवून चालत नाही, पडताळा घ्यावा लागतो. मी त्याला शब्द दिला, की तुझ्या गावात खाकी दिसणार नाही.

रविवारी सकाळी मी आणि आमच्या हवालदार बाई पाठीला सॅक लावून, पायांत बूट घालून पालीला गेलो. गडावर जाणाऱ्यांची गर्दी होतीच, त्यात आम्ही खपून गेलो. एका मावशींच्या ओसरीवर पिठलं-भाकरी सांगितली. गप्पा मारता मारता हवालदार बाईंनी विचारलं, "मावशी, यंदा गावात लग्नं किती?"

"हायती की. आमच्या म्होरल्या घरात बी हाय. दोन म्हैन्यामागं सुपारी झाली, लई माणूस जमलं व्हतं. तिचा भाऊ टायवर हाय, कंटेनरवर. आला, पाव्हण्यांच्या पाया पडला, दोन घास खाल्लं आन् पळाला. म्हनला गाडी हायवेवर हाय. आई म्हनली, आरं जरा बस की. त्येला बसवना." मावशींनी नातवाचा मोबाईल मागवून फोटोही दाखवले. गर्दीच्या कडेला आमचा ड्रायव्हर, घामेजलेला, डोक्याला टोपी. फोटोवर तारीख आणि वेळ होती. ज्या वेळी गाडी बावीस किलोमीटर फिरत होती, त्याच वेळेची.

आता मिल. सारोळ्याच्या पार्किंगपासून जाऊन-येऊन बावीस, म्हणजे एका बाजूला अकरा. त्या अंतरात बंद पडलेली राईस मिल एकच होती. मागच्या मोकळ्या जागेत राखेचा ढीग, आणि ढिगाच्या कडेची जमीन फावड्याने खरवडलेली. पंच बोलावून मातीचे नमुने सीलबंद केले. मेंढ्या मात्र केव्हाच पुढे गेल्या होत्या.

तो कळप शोधायला तीन दिवस लागले. एका शेतात वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून खतासाठी मेंढ्या बसवलेल्या होत्या. सत्तरीचे एक धनगर आजोबा बांधावर बसले होते. आमची जीप बघून उठले आणि आधीच म्हणाले, "पीक खाल्लं न्हाई साहेब. मालकानंच बसवल्यात."

आम्हीही बांधावर बसलो. मी सांगितलं, तुमच्यावर काहीच तक्रार नाही, तुम्ही काय बघितलं ते विचारायला आलोय. तरी ते लवकर बोलेनात. "आमी मेंढरंवालं. आमाला कोन इचारतं? आमी बघितलं तरी काय, न्हाई बघितलं तरी काय." मी माझ्या बाटलीतलं पाणी त्यांना दिलं. त्यांनी मेंढ्यांची, पाण्याची, यंदाच्या चाऱ्याची गोष्ट काढली. ती मी ऐकली. मग मिलचं नाव काढल्याबरोबर आजोबा एकदम तापले.

"त्या लोकांला धरलं का? माझ्या लेंड्या चोरल्या त्येंनी!"

"कुणी?"

"भर दुपारी आले की. ही थोरली गाडी, वर निळी पेटी. आठ-धा गडी. एक साहेबासारका व्हता, दोन मोबाईल, एकावर बोलायचा तवर दुसरा वाजायचा. म्हनला, मिलची मशनं हलवतोय, म्हातारबा, मेंढरं लांब न्या. नेली. संध्याकाळी येऊन बघतो तर जिमीन खरडून पोत्यात भरून नेलेली. आवं, दोन रातीचं खत! आन् निळ्या पेटीतनं पिवळं-पिवळं काढून दुसऱ्या टेम्पोत टाकत व्हते, ते बी लांबनं दिसत व्हतं."

"आजोबा, तुमचं खत बोटीत बसून परदेशात पोचलं."

ते इतके हसले की मेंढ्याही माना वर करून बघायला लागल्या.

आता सुपरवायझर. यावेळी मी त्याच्याकडून नकाशा घेतला नाही. जीपीएसचं यंत्र पुरवणाऱ्यांकडून दर मिनिटाची मूळ नोंद आधीच मागवली होती. त्यातून साधी गोष्ट कळली. यंत्राची तार काढली की निरोप येणं थांबतं आणि पडदा शेवटची जागा दाखवत राहतो. गाडी उभी आहे असं आपल्याला वाटतं. त्या दुपारी दोन तास चाळीस मिनिटं एकही निरोप आला नव्हता. तिकडून कंटेनरच्या दाराचे जवळून काढलेले फोटोही आले होते. सील जुनंच, पण ज्या कडीत ते अडकवतात तिचा एक बोल्ट नवा होता आणि वरून रंग मारलेला. सील न तोडता कडीच सोडवली होती.

मी एकेक वस्तू टेबलावर ठेवत गेलो. नोंद, किलोमीटर, बोल्टचा फोटो. तो प्रत्येक वेळी काहीतरी खुलासा देत होता. शेवटी मी मातीची पुडी ठेवली आणि विचारलं, "धनगर आजोबांना म्हातारबा कोण म्हणालं?"

त्याचा एक मोबाईल वाजत होता. त्याने तो उचलला नाही. म्हणाला, "साहेब, माल कुठाय ते दाखवतो."

पोलिसांसमोरची कबुली कोर्टात टिकत नाही, आरोपीने काढून दिलेला माल टिकतो, हे प्रत्येक शिपायाला माहीत असतं. म्हणून अटक केली, पंच घेतले, निवेदन पंचनामा केला आणि तो सांगेल तसे निघालो. शहराच्या कडेला एका भंगाराच्या गोदामात व्हॉल्वची पोती सापडली. थोडं पितळ वितळवून झालं होतं, बरंचसं शिल्लक होतं. प्रत्येक व्हॉल्ववर कारखान्याची खूण ठोकलेली. ओळख पटवायला कारखान्याच्या बाईंना बोलावलं. त्यांनी एक व्हॉल्व हातात घेतला, पदराने पुसला आणि खूण मला दाखवली.

आमचं दोषारोपपत्र त्यांनी इंग्रजीत उतरवून घेऊन त्या परदेशी कंपनीला पाठवलं. उत्तर आलं ते त्या स्वतः ठाण्यात घेऊन आल्या. कंपनीने संशय घेतल्याबद्दल माफी मागितली होती, ऑर्डर पुन्हा सुरू केली होती, आणि लहानशा पोलीस ठाण्याने एवढ्या बारकाईने तपास केला याबद्दल आभार मानले होते. ते पत्र मी हजेरीच्या वेळी सगळ्या स्टाफपुढे वाचून दाखवलं. वाचताना महिला हवालदारांना पुढे उभं केलं. पुढे वरिष्ठांकडून बक्षीस आलं, त्यावर पहिलं नाव त्यांचंच होतं.

खटला चालला तेव्हा आरोपीच्या वकिलांनी आजोबांना घेरलं. "तुम्हाला वाचता येत नाही, तारीख सांगता येत नाही. ही माती त्याच जागेची, हे कशावरून?" आजोबा शांतपणे म्हणाले, "तीन जागची माती आना साहेब. वळखली न्हाई तर मला खोटा म्हना." न्यायाधीशांनी तशी गरज नाही म्हणून सांगितलं, कारण दोन्ही माती एकच असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल जोडलेलाच होता. पण त्यानंतर वकिलांनी उलटतपासणी तिथेच संपवली. सुपरवायझरला आणि त्याच्या साथीदारांना शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी आजोबा कोर्टात नव्हते. कळप घेऊन वर डोंगरात गेले होते.

ड्रायव्हरच्या बहिणीचं लग्न ठरल्या तिथीला झालं. लग्नानंतर त्याने सासरच्यांना सगळी हकिकत स्वतःच सांगून टाकली. नवऱ्या मुलाचे वडील मला भेटायला ठाण्यात आले. मी थोडा फुशारकीनेच म्हणालो, "म्हणूनच आम्ही साध्या कपड्यात पालीला गेलो होतो. नाहीतर सोयरीक मोडली असती."

"मोडली नसती साहेब," ते म्हणाले. "बहिणीपायी एवढं सोसनारा भाऊ ज्या घरात हाय, ते घर आमी सोडतोय व्हय? पर तुमी केलं ते बरं केलं. गावाला तोंड असतं."

मी त्यांच्यासाठी चहा मागवला.

या तपासाने मला बरंच शिकवलं. जगाच्या पाठीवर माल पोचवणारा धंदा केवढा मोठा, त्यात यंत्रं किती, सह्या किती. पण कागद फक्त कागदाची हकिकत सांगतो. मालाचं काय झालं ते ज्यानं बघितलं, त्याची सही कुठल्याच कागदावर नसते. आम्ही पोलीसही तीच चूक करतो. ज्याचं नाव फायलीत आहे त्याला दहा वेळा बोलावतो, आणि ज्याचं नाव कुठेच नाही त्याच्या शेजारून जीप भरधाव नेतो. माझ्या ठाण्यातल्या माणसांनी ती चूक केली नाही. माझ्या नोकरीत अभिमानाने सांगावं असं जे थोडंफार आहे, त्यात हे सगळ्यात वर आहे.

निवृत्तीच्या दिवशी नव्या साहेबांना चार्ज दिला. किल्ल्या, रजिस्टरं, प्रलंबित गुन्ह्यांची यादी, सगळं मोजून सोपवलं. उठता उठता म्हणालो, "आणखी एक. या हद्दीत काहीही घडलं, तरी कुणीतरी मेंढरं घेऊन जवळून गेलेलं असतं. त्याला आधी पाणी द्या, मग विचारा."